राज्यशास्त्राचे संशोधक गावात काय शोधतात?

संशोधन हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा डगला घातलेला मनुष्य, काचेच्या नळ्या आणि निळ्या ज्योतीचा दिवा उभा राहतो. त्यामुळे राज्यशास्त्रात संशोधन होते असे सांगितले, की समोरचा मनुष्य थोडा गोंधळतो. आमच्या गावी तर मी राज्यशास्त्र हा विशेष विषय घेतला हे कळल्यावर पारावरच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे पुढारी व्हायचं का काय पोरी?’’ पुढारी होणे आणि पुढाऱ्यांचा अभ्यास करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजावून सांगताना माझ्या लक्षात आले, की हा अभ्यास कसा करतात ते मला स्वतःलाही नीटसे सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकात प्लेटोपासून राज्यघटनेच्या कलमांपर्यंत सर्व काही आहे. पण विद्यापीठातले प्राध्यापक शिकवण्याखेरीज जे काही करतात, त्याची माहिती त्यात नाही. ती मी गेल्या वर्षभरात आमच्या सरांकडून, ग्रंथालयातून आणि थोडीफार स्वतः पायपीट करून मिळवली. ती येथे मांडत आहे.

आपले महाविद्यालय ज्या विद्यापीठाला संलग्न आहे, ते पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव देण्यात आले. तेथील राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागाने महाराष्ट्राच्या राजकारणाचा जेवढा अभ्यास केला आहे, तेवढा क्वचितच कोणी केला असेल. त्यातही पहिले नाव घ्यावे लागते ते प्रा. व. म. शिरसीकर ह्यांचे. त्या काळी आपल्याकडे राज्यशास्त्र म्हणजे संस्थांचे शास्त्र होते. संसद कशी चालते, राज्यपालाचे अधिकार कोणते, केंद्र आणि राज्य ह्यांचे संबंध कसे, ह्या पलीकडे सहसा कोणी जात नसे. माणूस मत का देतो, कोणाचे ऐकून देतो, हे त्यालाच जाऊन विचारावे ही कल्पना अमेरिकेत रुजली होती. आपल्या अभ्यासक्रमात ‘वर्तनवाद’ ह्या नावाने जे प्रकरण आपण परीक्षेपुरते पाठ करतो, ते हेच. शिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि त्यावरचे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७३ साली ‘सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स’ हे त्यांचे दुसरे पुस्तक आले. मुकुट नसलेले राजे म्हणजे मतदार, असा त्या नावाचा अर्थ आहे.

ह्या दोहोंच्या मध्ये, १९७० साली, त्यांनी ग्रामीण नेतृत्वावर पुस्तक लिहिले. त्याला एक निमित्त होते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. एकाएकी हजारो नवी पदे निर्माण झाली. सभापती, उपसभापती, सदस्य. ही पदे कोणाच्या हाती गेली? लोकशाही खाली झिरपली, की जुनीच घराणी नव्या खुर्च्यांवर बसली? शिरसीकरांनी ह्या नव्या पदाधिकाऱ्यांची जात, जमीन, शिक्षण, नातेसंबंध ह्यांची पद्धतशीर माहिती गोळा केली. निष्कर्ष आपल्याला आज आश्चर्याचा वाटणार नाही. पुढारीपण बहुतांशी प्रभावी जातीतल्या, जमीनजुमला बाळगून असणाऱ्या, सुस्थितीतल्या घरांकडे गेले होते. पण ‘हे तर आम्हाला माहीतच होते’ असे म्हणणे आणि ते मोजून दाखवणे ह्यांत फरक आहे. पारावर बसून जे बोलले जाते त्याला कोणीही ‘तसे काही नाही’ म्हणून उडवून लावू शकतो. मोजून दाखवले की उडवून लावता येत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते.

एक गंमत येथे नमूद करावीशी वाटते. ह्या पुस्तकाच्या नावात जो ‘एलिट’ हा शब्द आहे, त्याचे मराठीत ‘अभिजन’ असे भाषांतर करतात. आमच्या गावात अभिजन म्हटले तर कोणी वळूनही पाहणार नाही. ‘पुढारी’ म्हटले की चार जण टोप्या सारखे करतील. तसेच ‘फॅक्शन’ ह्या शब्दासाठी पुस्तकांतून ‘दुफळी’, ‘गटबाजी’ असे शब्द येतात. आमच्याकडे त्याला सरळ ‘पार्टी’ म्हणतात, मग दोन्ही पार्ट्या एकाच पक्षाच्या का असेनात.

शिरसीकरांच्या नंतर ह्याच विभागात प्रा. राजेंद्र व्होरा, प्रा. सुहास पळशीकर, प्रा. यशवंत सुमंत, प्रा. राजेश्वरी देशपांडे ही मंडळी आली. १९९५ साली महाराष्ट्रात जे घडले ते आपल्या जन्माच्या आधीचे, म्हणून थोडक्यात सांगते. त्या निवडणुकीत काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३, भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. युतीचे सरकार आले. राज्य स्थापन झाल्यापासून काँग्रेस किंवा काँग्रेसमधूनच बाहेर पडलेले नेते सत्तेच्या केंद्रस्थानी होते, ते प्रथमच दूर झाले. व्होरा आणि पळशीकर ह्यांनी ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ हे पुस्तक १९९६ मध्ये लिहिले. वर्तमानपत्रांनी ह्या घटनेचे वर्णन लाट म्हणून केले होते. ते अपुरे वाटते, कारण पंचेचाळीस अपक्षांना लाट निवडून देत नाही. त्यांतले पुष्कळ जण काँग्रेसचेच बंडखोर होते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पार्ट्यांना एका छत्राखाली ठेवण्याची जी कला जुन्या काँग्रेसपाशी होती, ती आटली होती. रजनी कोठारी ह्यांनी १९६४ साली ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हणून ज्या गोष्टीचे वर्णन केले होते, ती महाराष्ट्रात मोडताना दिसली ती अशी. पुढे पळशीकर आणि प्रा. नितीन बिरमल ह्यांनी राज्याच्या राजकारणाचे स्थानिक संदर्भ उलगडणारा एक ग्रंथ मराठीत संपादित केला. विधानसभेचा निकाल राज्याचा एक असला, तरी तो घडतो तालुक्यातालुक्यात वेगवेगळ्या कारणांनी, हा त्यामागचा विचार मला फार पटतो. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत. अकोल्याचा आदिवासी मतदार आणि कर्जत-जामखेडचा धनगर मतदार एकाच कारणासाठी मत देतात असे कोण म्हणेल?

आता मतदारांना विचारतात म्हणजे नेमके काय करतात, ते सांगते. हा भाग मला सर्वांत रोचक वाटला.

दिल्लीला रजनी कोठारी ह्यांनी १९६३ साली विकसनशील समाज अध्ययन केंद्र स्थापन केले. ह्या केंद्राने १९६७ साली देशभर मतदारांचे पहिले मोठे सर्वेक्षण केले. मध्ये बराच खंड पडला. १९९६ पासून मात्र प्रत्येक लोकसभा निवडणुकीला असे सर्वेक्षण होत आले आहे. १९९७ पासून हे काम ‘लोकनीती’ ह्या नावाने, निरनिराळ्या राज्यांतल्या विद्यापीठांतील अध्यापकांच्या साहाय्याने चालते. पळशीकर हे त्याचे सहसंचालक. प्रत्यक्ष घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचे काम बहुतेक ठिकाणी कोण करतात? तुमच्याआमच्यासारखे महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यांना आधी प्रशिक्षण देतात आणि मग पाठवतात.

दूरचित्रवाणीवर निकालाआधी जे आकडे नाचतात त्यांवर आपला विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हे उत्तमच. पण त्या आकड्यांत आणि ह्या अभ्यासात मूळ फरक हेतूचा आहे. कोण जिंकणार हे त्यांना सांगायचे असते, तर कोणी, का आणि कोणाच्या सांगण्यावरून मत दिले हे ह्यांना समजून घ्यायचे असते. त्यासाठी माणसे निवडण्याची रीत अशी आहे. आधी मतदारसंघ निवडतात, मग त्यातली मतदानकेंद्रे, आणि मग त्या केंद्राची मतदारयादी घेऊन ठरावीक अंतरावरची नावे उचलतात. समजा, अठरा नावांचे अंतर ठरले. पहिले नाव चिठ्ठी टाकून काढायचे. ते सातवे निघाले, तर पुढचे पंचविसावे, मग त्रेचाळिसावे, असे करत यादीच्या शेवटापर्यंत जायचे. ह्यात विचारणाऱ्याला स्वतःची पसंती काहीच नसते. रस्त्यावर उभा असलेला, बोलायला उत्सुक असलेला मनुष्य चालत नाही. चावडीजवळचे घर सोयीचे म्हणून घेता येत नाही. ज्याचे नाव यादीत अठरावे आले, तो वस्तीवर राहत असेल तर वस्तीवर जायचे, आणि तो रागीट असला तरी त्यालाच विचारायचे.

मत कोणाला दिले हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. छापील मतपत्रिकेसारखा एक कागद त्याच्या हाती देतात, तो खूण करून घडी घालतो आणि बरोबर नेलेल्या पेटीत टाकतो. सर्व माहिती जमल्यावर स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी, जात, धर्म ह्यांचे प्रमाण जनगणनेशी ताडून पाहतात आणि नमुन्यात एखादा घटक कमी आला असेल, तर त्याच्या उत्तरांना गणितात तेवढे जास्त वजन देतात.

आमच्या सरांनी हिवाळ्यात हाच प्रकार छोट्या प्रमाणावर आम्हाला करायला लावला. प्रत्येकाने आपापल्या गावी एका मतदानकेंद्राच्या यादीतून वीस नावे काढायची आणि त्यांना दहा प्रश्न विचारायचे. माझे गाव पाथर्डी तालुक्यात. मतपेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि झाकणाला खाच पाडली.

पुस्तकात लिहिलेले असते, की उत्तरदात्याला एकांतात प्रश्न विचारावेत. आमच्या गावात एकांत कुठून आणायचा? एका घरी सुनेचे नाव यादीत होते. मी प्रश्न विचारला, उत्तर सासऱ्यांनी दिले. मी म्हटले, ‘‘बाबा, यादीत वहिनींचं नाव आहे.’’ ते म्हणाले, ‘‘अगं, तिला काय विचारतेस? आमचं घरातलं मत एकच असतं.’’ मग मी प्यायला पाणी मागितले आणि तिच्या मागोमाग चुलीपाशी गेले. तेथे तिने चिठ्ठीवर खूण केली, घडी घातली, डब्यात टाकली आणि हळूच म्हणाली, ‘‘एकच असतं म्हणू दे त्यांना.’’ सरांचे म्हणणे असे, की मुलींनी हे काम करावे ते ह्यासाठीच. मुलगा चुलीपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की आपण त्यांना प्रश्न विचारायच्या आधी ते आपल्याला विचारतात. तू कोणाची, कोणत्या गल्लीतली, आडनाव काय? एकदा आडनाव कळले की पुढची उत्तरे त्या आडनावाला साजेशी येऊ लागतात. दुसऱ्या जातीच्या घरी आरक्षणावरचा प्रश्न मी विचारला, तर उत्तर अतिशय गोड मिळाले. तोच प्रश्न त्यांच्या भाच्याने विचारला असता, तर उत्तर तसेच आले असते असे मला वाटत नाही. ह्यावर काही उपाय आहेत. परक्या गावचे विद्यार्थी पाठवणे हा त्यांतला एक. पण परक्या माणसाला लोक दारातूनच वाटेला लावतात.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. वीस नावांपैकी सात घरांना कुलूप होते. दोन कुटुंबे पुण्याला कामाला गेलेली. पाच उसाला. आमच्या तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी जोडपी उचल घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात. चार-पाच महिने ती उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहतात. माझे आईवडीलही बरीच वर्षे जात होते, त्यामुळे मला ह्यात नवीन काही नव्हते. नवीन हे होते, की अठराव्या नावाची इतकी काटेकोर पद्धत ह्या माणसांपाशी येऊन थांबते. नावे यादीत आहेत, निवडही झाली आहे, पण माणसे घरी नाहीत. जातीप्रमाणे वजन देऊनही हे भरून निघत नाही, कारण त्याच जातीचा घरी राहिलेला मनुष्य म्हणजे बहुधा थोडीफार जमीन असलेला, पाण्याची सोय असलेला, किंवा म्हातारा. त्याचे उत्तर उसाला गेलेल्याच्या जागी कसे धरायचे? गेल्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले आणि त्याच महिन्यात गळीत हंगाम सुरू झाला. म्हणजे सर्वेक्षणातून जी माणसे गळतात, तीच मतदानातूनही गळण्याचा धोका असतो.

उसाचा विषय निघाला आहे, तर आपल्या जिल्ह्याने ह्या संशोधनाला काय दिले आहे तेही सांगितले पाहिजे, कारण ते थोडेथोडके नाही. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी करून सिंचनाच्या आर्थिक परिणामांवर १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कालव्याचे पाणी आले तर शेतकऱ्याचे, मजुराचे, व्यापाऱ्याचे नेमके काय होते, असा तो प्रश्न होता. योगायोग असा, की त्याच सुमारास लोणीचे विठ्ठलराव विखे-पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवत होते. सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले आणि सुरुवातीची सुमारे दहा वर्षे त्या कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले. अहवाल लिहून पुण्याला निघून गेलेला हा संशोधक नव्हे. हेच गाडगीळ पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. अभ्यासकाने अभ्यासविषयात इतके गुंतावे की नाही, ह्यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. अध्यक्ष झालेला मनुष्य आपल्याच कारखान्याबद्दल तटस्थपणे कसे लिहील, असे काहींचे म्हणणे. मला वाटते, ज्याने आधी मोजले त्यानेच नंतर हात घातला, हे त्यांतल्या त्यात बरे.

दुसरे नाव बाविस्कर ह्यांचे. ते दिल्ली विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या कोपरगाव तालुक्यात राहून सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास केला आणि ‘द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट’ हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध केले. विषय साधा वाटतो. पण कारखान्याची संचालक मंडळाची निवडणूक आणि विधानसभेची निवडणूक ह्या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, एका ठिकाणची शक्ती दुसऱ्या ठिकाणी कशी वापरतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून लिहिले. राजकारण आले म्हणजे सहकार बुडालाच, असे आपण सहज बोलून जातो. बाविस्करांना तसे दिसले नाही. चुरशीचे राजकारण असूनही कारखाना चांगला चालू शकतो, असे त्यांचे मत. त्यांचे सहकारी डोनाल्ड अ‍ॅटवूड ह्यांनी ह्याचे कारण असे मांडले, की मोठ्या बागायतदाराला लहान शेतकऱ्याच्या उसाचीही गरज असते. गाळपाची क्षमता भरली नाही तर तोटा दोघांचाही. म्हणून भावाच्या बाबतीत दोघांचे हित एक होते.

कोपरगावात आज गेलात तर ह्या पुस्तकाचे पुढचे प्रकरण रस्त्यावरच वाचायला मिळेल. एका कारखान्याला शंकरराव काळे ह्यांचे नाव आहे, दुसऱ्याला शंकरराव कोल्हे ह्यांचे. विधानसभेला २०१४ साली स्नेहलता कोल्हे निवडून आल्या, २०१९ साली आशुतोष काळे ह्यांनी त्यांचा हजाराच्या आतल्या मतांनी पराभव केला.

माझी शंका एवढीच, की कारखान्याच्या निवडणुकीत मत असते सभासदाला, आणि सभासद असतो ऊस पिकवणारा. तोडणारा सभासद नसतो. तेव्हा मोठ्या आणि लहान शेतकऱ्याचे हित एक होते हे मान्य, पण त्या हिशेबात कोयता कुठे बसतो? हा प्रश्न यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने गुजरातेत विचारला होता. खानदेशातून बारडोलीच्या सहकारी कारखान्यांकडे येणाऱ्या तोडणी मजुरांवर त्यांनी १९७८ साली लिहिले. सहकार सभासदांसाठी सहकार असतो, मजुरांसाठी नव्हे, असा त्यांच्या लेखनाचा रोख आहे. बाविस्कर आणि ब्रेमन शेजारी ठेवून वाचावेत, असे मी ह्या वर्षी शिकले. दोघांनीही खोटे लिहिलेले नाही. एकाने कारखान्याच्या कार्यालयातून पाहिले, दुसऱ्याने फडातून.

असेच मतभेद राळेगणसिद्धीबद्दल आहेत. अण्णा हजारे ह्यांनी पाणलोटाचे जे काम केले ते पाहायला देशभरातून लोक येतात, आणि ते काम मोठे आहे ह्यात शंका नाही. पण मुकुल शर्मा ह्यांनी २००६ साली तेथील नैतिक अधिकार कसा घडला, शिस्त कशी लावली गेली, दलितांचे स्थान काय, असे अवघड प्रश्न विचारले. पारनेर तालुक्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला ते मुळीच आवडले नाही. ‘‘बाहेरून येऊन नावे ठेवणे सोपे असते,’’ असे ती म्हणाली. तिचेही म्हणणे मी समजू शकते. मात्र बिनविरोध निवडणूक झाली म्हणून गावाचे कौतुक करणारी बातमी वाचली, की आता माझ्या मनात येते, विरोध नव्हता की विरोध करण्याची सोय नव्हती?

पारनेरचेच आणखी एक उदाहरण आहे. सेनापती बापट पारनेरचे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ ह्या काळात झालेल्या सत्याग्रहातले त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. प्रा. व्होरा ह्यांनी त्या लढ्यावर ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक १९९४ साली मराठीत लिहिले. इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, २००९ मध्ये आला. त्यात केवळ वीरांची गाथा नाही. टाटांची कंपनी आणि सरकार एका बाजूला, हे तर आहेच. पण दुसऱ्या बाजूलाही मावळा शेतकरी, जमिनीवर हक्क सांगणारे सावकार आणि पुण्याचे पुढारी ह्यांचे हितसंबंध एक नव्हते, हे त्यांनी दाखवले. कोणाला जमीन हवी होती, कोणाला नुकसानभरपाई चालणार होती. धरणग्रस्त म्हणून एकच एक माणूस नसतो, हे जायकवाडीला जमिनी गेलेल्या शेवगाव-नेवाशाच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय राजकारणाकडे आमच्या वर्गाचा ओढा कमी आहे, त्यामुळे मीही थोडक्यातच आवरते. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. लष्कराचे चिलखती दलाचे केंद्र आपल्या नगरला असल्यामुळे हा विषय आपल्याला तितकासा परका नसावा. शिवाय नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ ह्या काळात पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते, आचार्य नरेंद्र देव होते. ग्रंथालयाशिवाय, कारावासात, आठवणीतून आणि एकमेकांना विचारून ही माणसे लिहीत होती, ही गोष्ट मात्र आपण सांगत नाही.

आता एका अडचणीविषयी लिहिते. आपल्या जिल्ह्यावर, आपल्या कारखान्यांवर, आपल्या मतांवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक इंग्रजीत आहे. बाविस्करांचे कोपरगाव वाचायला मला शब्दकोश घेऊन बसावे लागले आणि एका प्रकरणाला आठ दिवस लागले. ज्यांच्याविषयी ते लिहिले, त्या सभासदांपैकी कितींनी ते वाचले असेल? ह्या दृष्टीने व्होरा, पळशीकर, सुमंत, देशपांडे ह्यांनी आवर्जून मराठीतही लिहिले, ह्याचे मोल मला फार वाटते. ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारखे त्रैमासिक आपल्या ग्रंथालयात यावे, अशी ग्रंथपालांना ह्या निमित्ताने विनंती आहे. विद्यापीठातला प्राध्यापक इंग्रजीत लिहितो तेव्हा त्याचे वाचक जगभर असतात हे खरे, आणि तेही आवश्यकच आहे. पण पाठ्यपुस्तक किती दूर जाते ते पाहा. पळशीकर आणि योगेंद्र यादव ह्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार म्हणून काम केले होते. पुढे त्या पुस्तकांतून मजकूर वगळला गेला, तेव्हा २०२३ साली दोघांनी आपली नावे पुस्तकावरून काढावीत अशी मागणी केली. दुसऱ्याने खाडाखोड केलेल्या उत्तरपत्रिकेवर आपला बैठक क्रमांक कोणाला आवडेल? ह्या शास्त्रात असे प्रसंग येतात, कारण ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याच हाती सत्ता असते. रसायनशास्त्रज्ञाला गंधकाची नाराजी पत्करावी लागत नाही.

आमच्या सर्वेक्षणाचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. तेरा जणांचे कागद मी भरून दिले. कुलूप असलेल्या सात घरांचे काय करायचे, हे वर्गात मांडले. सरांनी फळ्यावर एक नवा तक्ता काढला आणि प्रत्येकाने न भेटलेल्या नावांपुढे ‘गैरहजर’ असे न लिहिता ती माणसे कुठे आहेत ते शेजाऱ्यांकडून विचारून लिहायचे ठरले. श्रीगोंदा, कर्जत, पाथर्डी, जामखेड येथून येणाऱ्या मुलामुलींचे तक्ते सर्वांत लांब झाले. राहाता-संगमनेरच्या मुलांचे जवळजवळ कोरे राहिले. माझ्या पाच कुलपांपैकी तीन सांगलीकडच्या कारखान्यांवर होती, दोन सीमेपलीकडे, बेळगाव जिल्ह्यात. त्यांतल्या एकाचा फोन नंबर मिळाला आहे. प्रश्न तेच दहा आहेत. तोडणी रात्री उशिरा संपते, म्हणून त्याने रविवारी दुपारी फोन करायला सांगितले आहे.